टाकीच्या तळाला कौलं

बुदिशोव गावातली निम्मी छपरं अलोइसने शाकारलेली होती, पाटीच्या काळ्या दगडाच्या कौलांनी. तोच अलोइस आता बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसून होता. नोव्हेंबरपासून खाली उतरला नव्हता. त्याचं दूध, पाव, औषधं, कचरा, सगळं त्याची मुलगी ब्लाझेना सूतगिरणीतली पाळी संपवून बहात्तर पायऱ्या चढून करायची. ओपावा शहरात राहणारा स्तिबोर तिला दोन वर्षं लग्नाचं विचारत होता आणि ती दोन वर्षं 'बघू' म्हणत होती.

मार्चात नगरपालिकेने म्हाताऱ्याला तळमजल्यावरची जागा देऊ केली. शुक्रवारी बाराच्या आत त्याने स्वतः येऊन सही करायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. बाबा खाली आले, आपलं दूध-पाव आपण आणू लागले, की ब्लाझेना सुटली.

"आधी माझ्या माशांच्या काचेच्या टाकीला नवा तळ करू, मग सही," म्हातारा म्हणाला. "तळघरातली जुनी कौलं आण."

तिने चार खेपांत तीस कौलं वर आणली. कंबर धरली. मासे न्हाणीघरातल्या टबात गेले. म्हाताऱ्याने प्रत्येक कौलावर व्हिनेगरचा थेंब टाकून फेस येत नाही ना, म्हणजे दगडात माशांना बाधणारा चुना नाही ना, ते पाहिलं आणि ती टाकीत लावायला घेतली. एका ओळीवर दुसरी चढवून, छपरावर लावतात तशी.

"बाबा, टाकीत पाऊस पडणार आहे का? सपाट लावा की, कडेला कड."

"चढवल्याशिवाय कौल लावतात? लोक हसतील मला."

"कोण लोक? मासे?"

त्याने ऐकलं नाही. शिवाय सगळं पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने पक्कं चिकटवून टाकलं.

गुरुवारी मासे सोडले. तळाशी हुंगत फिरणारे मिशीवाले पाच होते, संध्याकाळी तीनच दिसू लागले. उरलेले दोन कौलांखालच्या फटीत शिरले होते. एकाची मिशी बाहेर हलत होती.

"टाकी उपसून उचकटावं लागेल," ब्लाझेना म्हणाली.

"काही उचकटायचं नाही. एवढ्या दगडांनिशी टाकी आता इथून हलत नाही. मग मी तरी कसा हलू?"

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम केलंत. मला दगड वाहायला लावलेत, ते जायचं टळावं म्हणून."

"नोव्हेंबरात जिन्यात पडलो," म्हातारा म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावर. दोन तास पडून होतो. हाक नाही मारली. छपरावरून कधी पडलो नाही मी, आणि जिन्यात पडलो हे कुणाला सांगू? रांगत वर आलो."

ब्लाझेनाला भयंकर राग आला. चार महिने हा माणूस त्याबद्दल एका शब्दाने बोलला नव्हता. रागामागून कीव आली, आणि कीव आली की आपण पुन्हा अडकतो, हे तिला पुरतं माहीत होतं. तिने बाह्या वर सारल्या, त्याचीच छपरकामाची लोखंडी पट्टी घेतली आणि पाण्यात हात घालून कौलं फोडून काढली. एक मासा जिवंत निघाला.

शुक्रवारी अकराला म्हातारा बूट घालून दारात उभा होता. हातातली चौकट काही सुटेना. तोंडाला घाम आला होता.

"नाही जमत, पोरी. जा तू."

"शिडीवरून कसे उतरायचात?"

"पाठमोरा. तोंड शिडीकडे."

"मग तसेच उतरा. जिनाही शिडीच आहे."

ती दोन पायऱ्या खाली जाऊन उभी राहिली. म्हातारा वळला, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि एक पाऊल मागे टाकून पायरी चाचपली.

"खाली आहेस ना?"

"आहे."

दुसरी पायरी. "आहेस ना?"

"आहे, बाबा."

तो प्रत्येक पायरीला विचारत होता आणि ती प्रत्येक पायरीला उत्तर देत होती. लग्न करून ओपावाला जायचं म्हणजे एक दिवस हे उत्तर द्यायचं थांबायचं, हे तिला पाचव्या पायरीवर कळलं. अजून सदुसष्ट उरल्या होत्या.

"ब्लाझेना?"

"आहे," ती म्हणाली.