फोटोखालची जागा

काडेपेटीएवढा चौकोन. रोहितने निळ्या बॉलपेनने हातानेच ओढलेला, म्हणून एक बाजू जरा झुकलेली... निधनवार्तांच्या पानाच्या तळाशी, शेवटच्या फोटोच्या बरोबर खाली. "आई, ही जागा," तो निघता निघता म्हणाला होता, "मयत झालेल्या घरात हे पान सगळे वाचतात. जाहिरातीच्या एजंटाला दुपारपर्यंत कळवायचंय." आणि चहा अर्धा टाकून, स्कूटरला किक मारून गेलासुद्धा. मुलाने नावं वाचलीच नव्हती, फक्त जागा पाहिली होती.

चौकोनात घालायचा मजकूरही त्याने आदल्या दिवशीच वाचून दाखवला होता. दहाव्या-तेराव्याचे घरगुती जेवण, एकदा सेवेची संधी द्या. कुसाबाईंना हसू आवरेना. "संधी द्या म्हणजे काय रे? मरा म्हणायचं का लोकांना?" रोहित हसला नव्हता. "हस तू. गंगापूर रोडचे नवे केटरर दर आठवड्याला देतात जाहिरात. आणि आपल्याकडे? चिमणाबाईनेसुद्धा दुसरीकडे काम धरलं." ते मात्र खरं होतं. वडे थापायला चिमणाबाईसारखा हात मिळायचा नाही, आणि मोठी कढई चैत्रापासून उपडीच होती. नवरा गेल्यावर ह्याच कढईने घर चालवलं, रोहितला शिकवलं. ती अशीच उपडी राहिली तर आपण उद्यापासून करायचं काय, ह्या वयात लोकांच्या पोळ्या लाटायच्या?

पण मेलेल्यांच्या रांगेत आपलं नाव छापायचं... शी. मग वाटलं, कसली शी? कोणत्या तोंडाने म्हणतेस कुसा? पेपर आला की पुढाऱ्यांची भांडणं गेली चुलीत, तू थेट हेच पान उघडतेस, आणि फोटो जास्त असले की तुला बरं वाटतं. बरं वाटतं! कुणी ऐकलं तर तोंडात शेण घालेल.

आजही त्यांनी चष्मा लावला आणि सवयीने शेवटच्या फोटोखालची ओळ आधी वाचली. दशक्रिया विधी रविवारी, रामकुंडावर. रविवार म्हणजे सुट्टी, माणूस भरपूर येणार, वडे वाढवून धरावे लागतील, खिरीचं दूध आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं बरं — आणि मग नजर वर गेली. डोक्यावर पदर, हनुवटीवर गोंदण. भागीबाई.

अगं बाई... आमच्या भागीबाई!

नाव वाचलं तरी मन थांबेना, हीच गोष्ट भयंकर होती. डोळ्यांत पाणी यायच्या आधी दूध, उडीद, पत्रावळी असं सगळं ओळीने पुढे सरकत राहिलं, आणि कुसाबाईंनी पेपर पालथा घातला.

कुणाचं मयत झालं की भागीबाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन तिथे हजर. रडणाऱ्या बाईला दोन घास खायला लावायच्या आणि निघताना उंबऱ्यात हळूच सांगायच्या, दहाव्याची काळजी करू नका, आमची कुसा आहे. बस्स, एवढंच. बारा-चौदा वर्षं कुसाबाईंना दुसरी जाहिरात लागली नाही. एका दिवाळीला त्या साडी घेऊन गेल्या, तुमच्यामुळे कामं मिळतात म्हणून, तर भागीबाईंनी घडी न मोडताच साडी परत हातात दिली. "मयताच्या दारात मी तुझी दलाली करते व्हय गं? माणसं उपाशी राहू नाय, म्हणून सांगते."

मग त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलाने त्यांना एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत नेलं. भेटायला जायचंच होतं... जायचंच होतं. सिन्नरच्या एका कामाला भांडी टेम्पोत घालून जाताना एकलहऱ्याचा फाटा आला, तेव्हा ड्रायव्हरला म्हटलंसुद्धा की येताना वळू या. येताना अंधार पडला. नंतर सिन्नरचं काम आलं नाही, आणि एकलहऱ्याला नुसतं भेटायला म्हणून बसने जाता येतं, हे जणू माहीतच नव्हतं. आपण गेलो नाही. आणि आज भागीबाई गेल्याचं कुणी कळवलंही नाही. का म्हणून कळवावं?

फोन वाजला. रोहित.

"काय सांगू एजंटाला?"

"भागीबाई गेल्या रे."

"कोण... अरेरे. आपल्या भागीमावशी? कधी?" मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आई... मग त्यांचं काम आपल्याकडेच येईल ना?"

रागावणार तरी कुणावर? पोरगा आपल्याच कढईवर वाढलेला, दुसरं काय बोलेल? मघाशी तेच तर मनात आलं होतं, फक्त त्याने ते मोठ्याने म्हटलं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

काम येवो न येवो, एक वाटी आपण आपल्या हातची नेऊन पिंडापाशी ठेवायची, एवढं त्यांनी ठरवलं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही नसलं तर कावळा शिवत नाही. म्हणून कामाला गेलं की घरच्यांना पहिलं तेच विचारायचं, त्यांना काय आवडायचं? मग भागीबाईंना काय आवडायचं? त्यांनी आठवून पाहिलं. डबा आठवला, झिजलेल्या चपला आठवल्या, उंबऱ्यातला तो हळू आवाज आठवला. लोकांना भरवतानाच त्या आठवत होत्या. स्वतः काही खाताना... एकदाही नाही. इतक्या वर्षांत त्यांना कधी आपण पानावर बसवलंच नव्हतं.

"आई? एजंटाला हो म्हणू की नाही म्हणू?"

रिसीव्हर कानाला तसाच धरून कुसाबाई आठवत राहिल्या.