माझ्या सीटखालचा घोडा

मी आलापल्लीच्या गफ्फारभाऊंची जीप बोलतेय. शांतपणे सांगायचं ठरवलंय, पण आठवलं की अजून बॉनेट तापतं, तेव्हा सांभाळून घ्या.

नवी होते तेव्हा ब्रह्मपुरीच्या एका धानाच्या व्यापाऱ्याकडे होते. मला रोज पुसायचा, उन्हात उभी करायचा नाही. पुढं त्याचं मन नव्या मोटारीवर बसलं आणि मी शेडमागे गेले. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. गफ्फारभाऊंनी मला तिथून उचललं, इंजिन खोललं, सीटा शिवल्या. त्यांच्या पत्नी सुरय्याभाभींनी आरशाला लाल रिबीन बांधली. तेव्हापासून आलापल्ली ते भामरागड मी माणसं नेते. बाजाराची, दवाखान्याची, लग्नाची. मोहफुलांचा वास माझ्या सीटांतून आता जायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचे निनाद आणि ऋता हे नवराबायको आले. त्यांना वरोऱ्यापासून थेट भामरागडच्या पुढं, दूर जंगलात रोड ट्रिप करायची होती. लॉजवाल्यानं त्यांच्यासाठी भाऊंना बोलावलं. भाऊ खूश झाले. "असे पाहुणे येत राह्यले तं गाडीले नवे टायर लागतीन," म्हणाले.

निनादनं माझ्या बॉनेटवर कॅमेरा चिकटवला. आलापल्ली मागं पडली, सागाचं जंगल दाटलं, तसा तो बोलू लागला, "मित्रांनो, इथून पुढे माणूस नाही. फक्त आपण आणि जंगल!"

समोरून बुधरीबाई येत होत्या, डोक्यावर सरपणाची मोळी. माझी जुनी सवारी. त्यानं हातानंच त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. चित्र बिघडत होतं म्हणे! त्यांच्याच रस्त्यावरून त्यांनाच हाकललं.

बुधरीबाईंच्या गावाच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली देवाचं ठाणं आहे. नवस फेडायला लोक तिथं मातीचे घोडे वाहतात. भाऊ पाणी आणायला हातपंपावर गेले, तेवढ्यात निनादनं एक घोडा उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या मागच्या सीटखाली सरकवला.

"ठेव ना परत," ऋता म्हणाली.

"टीव्हीशेजारी मस्त दिसेल."

माझा जीव नुसता तडफडला. हॉर्न माझा, पण वाजवणार दुसराच कुणी!

बरंच पुढं गेल्यावर चाक पंक्चर झालं. जॅक काढताना भाऊंच्या हाती टॉवेल लागला. घोड्याचा पुढचा पाय मोडला होता.

"हे काय हाय, साहेब?"

"तिथे ढीगभर पडलेत हो. एकानं काय होतंय?"

"पडले नाई. वाह्यले हायेत."

भाऊंनी चाक बदललं आणि मला उलटं वळवलं.

"असा रिव्ह्यू टाकीन, परत कोणी बोलावणार नाही तुम्हाला!"

 भाऊंनी गाडी थांबवली नाही.

ठाण्यापाशी बुधरीबाई आणि गावचे लालसूभाऊ उभे होते. गफ्फारभाऊंनी दोन्ही हातांनी घोडा पुढं केला. "बाई, माह्या गाडीतून गेला. माफ करा."

बाईंनी मोडका पाय चाचपला. "सुनेचा ताप उतरला तवा वाह्यला होता मी." मग माझ्यात बसलेल्या निनादकडे बोट केलं. "तुम्ही काऊन माफी मागून राह्यले, भाऊ? त्याले उतरू द्या."

ऋता उतरली. चपला काढून, मान खाली घालून उभी राहिली. निनादनं काच वर केली. माझी काच! असल्या माणसाला आडोसा द्यायला मी ती वागवते काय? बुधरीबाईंनी काचेवर टकटक केली. थांबल्या. पुन्हा केली. तो मोबाइलमध्ये बघत राहिला.

पुढं त्याचा व्हिडिओ आला. 'जंगलात आम्हाला घेरलं, ड्रायव्हरही सामील!' घोड्याचं नावसुद्धा नाही. लॉजवाल्यानं भाऊंना पाहुण्यांसाठी बोलावणं बंद केलं. भाभी म्हणाल्या, "तुम्ही पण व्हिडिओ टाका, खरं सांगा." भाऊ म्हणाले, "मले नाई जमत तसं बोलाले."

म्हणून मी बोलले. रानात या, आनंदानं या. पण उचलण्याआधी विचारा. विचारायला इथं माणसं आहेत.

लालसूभाऊंनी कुंभाराकडे नवा घोडा सांगितला होता, तो भाजून तयार झालाय. उद्या सकाळी मी आणायला जाते आहे. परतताना मला कुणी हात दाखवू नका, मी थांबणार नाही. पुढच्या सीटवर बुधरीबाई असतील, आणि त्यांच्या मांडीवर घोडा.