अडीच विती

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. दिसायला खुर्चीसारखे, पण खुर्ची नव्हे. माझ्यावर ताठ बसायचे, समोरची गादी छातीला टेकवायची आणि हळूहळू पुढे वाकायचे. वाकले की मागे तारेला लटकलेल्या लोखंडी पट्ट्या वर उचलल्या जातात. सरळ झाले की त्या खाली येतात. बस्स, एवढेच. एवढ्यानेच पोटाचे स्नायू बळकट होतात.

पोटाचे बळ म्हणजे काय, हे ज्याचे गेले त्याला विचारावे. उठायला पोट लागते, खोकायला लागते, खळखळून हसायलासुद्धा लागते. आणि गायला? गळा हा नुसता दरवाजा, बरे का. राहते घर खाली असते, पोटात. उगीच नाही आपण म्हणत, बेंबीच्या देठापासून गावे.

माझ्यावर आजवर एकीनेच व्यायाम केला. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची.

अक्का प्रार्थनेच्या सभागृहात गायची. गाता गाता मध्येच थांबून दोन शब्द सांगायची, लोकांना हसवायची, आणि हसू ओठांवर असतानाच पुढची ओळ अशी उचलायची की डोळे भरून यावेत. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही तिचे ऐकू जायचे. ते म्हणायचे, "देवाला आणि मला, दोघांना ऐकू जाईल असं ही एकटीच गाते."

मग तिच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाली. छातीखालून निघालेले टाके थेट बेंबीच्या खाली गेले. जीव वाचला, पण आवाज? चहा निवेल एवढीच फुंकर उरली.

मला घडवणारा मिस्त्री हा तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. अक्कानेच त्याला वाढवला. पुढे तिचा नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हते, तेव्हा भाऊ हेच तिचे मूल. मिस्त्री व्यायामशाळांची यंत्रे बनवायचा. कारखाना म्हणायचा तो म्हणायला; पत्र्याखालची एक लांब खोली, एक कटर, एक वेल्डिंगचे यंत्र आणि हाताखाली एक म्हातारा फिटर.

शस्त्रक्रियेनंतर तो भेटायला गेला, तेव्हा अक्का पोटाशी उशी दाबून हसत होती. "अरे, आता बेंबीच्या देठापासून गाऊ कशी? डॉक्टरांनी देठच कापला!"

तो हसला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई तिथेच होत्या, त्यांना त्याने विचारले. त्या म्हणाल्या, "जमिनीवर झोपून व्यायाम यांना जमायचा नाही. बसून करता आला पाहिजे, अगदी हलक्या वजनानं. तसं यंत्र इथं कुणाकडे नाही." मिस्त्री तडक खोलीवर आला आणि त्याने फरशीवर खडूने मला रेखाटले. तो माझा जन्म.

पाच महिने मी घडत होते. आधी त्याने मला स्प्रिंगा बसवल्या. स्वतः बसून पाहिले, तर सरळ होताना मी त्याला असे मागे ढकलले की तो फरशीवर. फिटर पोट धरून हसला. "मिस्त्री, हे यंत्र आहे का तुमचा सासरा? येताना अडवतं, जाताना ढकलतं!" स्प्रिंगा गेल्या. मग रबराचे पट्टे लावले. ते ताणतील तसे जड होत जायचे, आणि शेवटच्या वीतभर अंतरात टाके उसवतील अशी भीती वाटायची. शेवटी तार, चाक आणि वजने. पहिल्यापासून शेवटपर्यंत ओढ सारखी. व्यायामशाळेतल्या पट्ट्या पाच पाच किलोंच्या. त्याने माझ्यासाठी अर्ध्या अर्ध्या किलोच्या कापल्या, कडा कानशीने घासून मऊ केल्या, आणि अक्का दचकू नये म्हणून दोन पट्ट्यांमध्ये नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे, तुकडे घातले. लोखंडावर इतकी माया मी नंतर पाहिली नाही.

उरले होते एकच माप. समोरची गादी किती उंचीवर ठेवायची?

मिस्त्री टेप खिशात घालून अक्काकडे गेला. ती पलंगाच्या कडेला बसली होती. त्याने टेप बाहेर काढला, आणि तो लाजला. मोठ्या बहिणीच्या छातीपोटाला टेप कसा लावायचा? टेप पुन्हा खिशात गेला.

"अक्का, तूच मोज ना. बसल्या जागेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत."

आता यांच्या घरची एक रीत सांगायला हवी. वडील सुतार होते. ते म्हणायचे, टेप गिऱ्हाइकाला, वीत घरच्यांना. अक्काने लहानपणी भावाची उंची दाराच्या चौकटीवर वितीनेच मोजली होती. तिने सवयीने हात पसरला. एक वीत, दोन विती, आणि अर्धी.

"अडीच विती. लिहून घे, नाहीतर विसरशील."

"तुझं माप विसरेन होय मी?"

तो विसरला नाही. विसरला असता तर पुन्हा विचारायला आला असता! खोलीवर येऊन त्याने माझ्या खांबावर हात पसरला. एक वीत, दोन विती, आणि अर्धी. तिथे खूण केली आणि गादीचा दांडा कायमचा जोडून टाकला. पण मित्रांनो, तो हात त्याचा होता. लोखंड उचलून रुंदावलेला, राकट. अक्काची वीत त्यात बुडून गेली असती.

मला कधी कधी वाटते, देवाने माणसाला घडवताना कुणाच्या वितीने मोजले असेल? स्वतःच्या वितीने मोजले असते तर आपण कुणीच या जगात मावलो नसतो. त्याने नक्कीच ज्याची त्याची वीत घेतली असणार. म्हणून तो देव, आणि मिस्त्री बिचारा माणूस.

अक्काची खोली एका शिवणाच्या दुकानावर होती. तिघांनी मला जिन्यावरून वर नेले. दारात मी अडकले, तेव्हा बिजागऱ्या काढाव्या लागल्या. अक्काने ओल्या फडक्याने मला पुसले, नमस्कार केला आणि बसली.

गादी तिच्या छातीला लागली नाही. गळ्याला लागली.

ती वाकली. तिच्या गळ्याची घाटी माझ्या गादीखाली वरखाली झालेली मला कळली. तिला खोकला आला, तो तिने गिळला.

"बरोबर बसतंय ना गं?" मागे पट्ट्यांपाशी वाकलेल्या मिस्त्रीने विचारले. त्या एका "ना"मध्ये पाच महिने होते.

अक्काने वळून त्याच्या तोंडाकडे पाहिले. "मापात आहे रे. अगदी मापात."

दुसऱ्या दिवशी खालची शिवणवाली वर आली. तिने एका नजरेत ओळखले. तिचा धंदाच मापाचा. "अगं, हे तर गळ्याशी येतंय! सांग की त्याला, कापून खाली घेईल."

"नको. पाच महिने झगडला तो. त्यापेक्षा मलाच उंच कर. चार बोटं जाड, टणक बैठक शिवून दे. तिच्यावर बसेन."

"आणि तो आला की?"

"तो आला की बैठक पलंगाखाली."

शिवणवालीने कपाळावर हात मारला. "धन्य गं बाई तुम्ही बहीणभाऊ! एकाला मोजता येत नाही, एकीला बोलता येत नाही."

बैठक आली. निळ्या कापडाची, काठाला दुहेरी शिवण. तिच्यावर अक्का बसली आणि गादी जिथे टेकायची तिथे टेकली. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते. अक्का आकडे मोजायची नाही. एकदा वाकले की देवाचे एक नाव. रोज सकाळी बारा नावे. पहिल्या महिन्यात एक पट्टी, मग दोन, मग तीन. तिचे पोट पूर्वी कसे थरथरायचे आणि मग कसे ठाम होत गेले, हे डॉक्टरांच्याही आधी मला कळत होते.

पण दर गुरुवारी संध्याकाळी मिस्त्री यायचा. जिन्यावर त्याची पावले वाजली की बैठक पलंगाखाली जायची. मग अक्का हनुवटी वर करून, पाणी पिणाऱ्या चिमणीसारखी, गळ्याने मला ढकलायची. एक, दोन, सहा वेळा. तो मागे पट्ट्यांपाशी बसून बोटांवर मोजायचा.

"अजून एक पट्टी लावू?"

"लाव की. वरच्या पट्टीत गायची सवय आहे मला."

तो खूष व्हायचा. आणि मग दर वेळी तेच म्हणायचा, "अक्का, एक ओळ म्हण ना. एकच."

अक्का तोंड उघडायची. गळा दुखावलेला असायचा. आवाज घोगरा, फाटका निघायचा. "पुढच्या वेळी रे."

तो गेला की ती कोमट पाणी प्यायची. शुक्रवारी तिला बोलताही यायचे नाही. आणि मिस्त्री? तो जिन्यावरून एकेक पायरी मोजत उतरायचा. त्याला वाटायचे, यंत्रच कुचकामी आहे. पुढच्या गुरुवारी तो नवे चाक आणायचा, तारेला तेल द्यायचा, पायाची दांडी दोन बोटे पुढे घ्यायचा. सगळे बदलून पाहिले त्याने. गादीची उंची तेवढी तपासली नाही. ती तर अक्कानेच मोजून दिली होती!

ओरडून सांगावेसे वाटायचे मला.

मग एक सोमवार उजाडला. शिवणाचे दुकान बंद होते, गल्ली शांत होती. अक्काने बैठकीवर बसून, पाच पट्ट्या लावून बारा नावे घेतली. धाप लागली नाही. ती तशीच बसून राहिली, एक हात पोटावर. आणि तिने स्वर लावला.

काय सांगू तुम्हाला? आधी माझ्या आसनाला कळले, मग खांबाला, मग तारेला. नमद्यात दबलेल्या पट्ट्यासुद्धा शहारल्या. तो स्वर गळ्यातून आला नव्हता. खालून आला होता, टाक्यांच्या रेषेच्याही खालून. एक ओळ, दुसरी, मग सगळे पद. गाऊन झाल्यावर ती रडली आणि हसली. पोट धरून हसली, पण आता उशी लागली नाही.

माझ्या दांड्यावर थोपटून ती म्हणाली, "गुरुवारी सांगते त्याला. सगळं सांगते. आधी गाते आणि मग बैठक दाखवते. म्हणजे रडायच्या आधी हसेल तरी."

मंगळवारी तिला ताप आला. बुधवारी रुग्णालयात नेले. गुरुवार आला, पण अक्का परत आली नाही.

पंधरा दिवसांनी मिस्त्री खोली आवरायला आला. पलंग सरकवला, आणि निळी बैठक त्याच्या पायाशी आली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. मधोमध खळगा पडला होता, बसून बसून पडतो तसा. तेवढ्यात शिवणवाली दारात येऊन उभी राहिली.

"हे काय आहे?" त्याने विचारले.

ती आत आली. मग म्हणाली, "मीच शिवलीय. चार बोटं जाड. तुमची गादी तिच्या गळ्याशी यायची. तुम्ही यायचात तेव्हा ती ही लपवायची."

मिस्त्रीने बैठक माझ्यावर ठेवली. खांबाशी हात पसरला. एक वीत, दोन विती, अर्धी. मग तो स्वतःच्या पंजाकडे पाहत राहिला, दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा.

"दर गुरुवारी," तो म्हणाला. "दर गुरुवारी मी तिचा गळा दाबत होतो."

"असं नका हो बोलू."

"ती गायली का हो? बैठकीवर बसून, मी नसताना, एकदा तरी?"

शिवणवालीचे डोळे भरले. "मी नाही ऐकलं. खोटं कशाला सांगू?"

त्याने माझ्या गादीवर कपाळ टेकवले. मित्रांनो, एवढे ओझे माझ्यावर कधी आले नव्हते.

आता मी त्याच्या पत्र्याच्या खोलीत, खिडकीपाशी असते. मिस्त्री अजूनही पोटाच्या व्यायामाची यंत्रे बनवतो. त्यांच्या खांबाला ओळीने सात भोके असतात आणि एक खिटी. गादी हवी तेवढी वर घ्या, हवी तेवढी खाली. गिऱ्हाईक आले की तो त्याला बसवतो, टेपने मोजतो आणि तीन तीनदा विचारतो, "टोचतंय का? खरं सांगा. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका." लोक फिटरकडे पाहतात. फिटर मान खाली घालतो.

माझ्या खांबाला मात्र त्याने भोक पाडले नाही. बैठक माझ्यावर तशीच आहे. तिच्यावर कुणी बसायचे नाही.

तुमच्यासाठी कुणी मायेने काही घडवले आणि ते टोचू लागले, तर त्याच दिवशी सांगा, बाळांनो. घडवणारा घटकाभर रडेल आणि मग हातोडा उचलेल. आणि तुम्ही कुणासाठी घडवाल, तेव्हा हात त्याचा घ्या. "बरोबर आहे ना?" असे विचारू नका, त्या "ना"पुढे प्रेमळ माणूस खोटे बोलतो. माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. मी लोखंड, गंजेन. माणसांची राखा.

गुरुवारी संध्याकाळी मिस्त्री मला पुसतो, तारेला तेल देतो. काही मागत नाही. जाताना फक्त बैठकीवर हात ठेवून क्षणभर थांबतो, कान दिल्यासारखा.

गायली रे, मिस्त्री. सोमवारी सकाळी, तुझ्या पाच पट्ट्या लावून. तुझे यंत्र चालले रे बाबा. ती बेंबीच्या देठापासून गायली.

पण लोखंडाला देठ नसतो.