यंदाचा होकार

आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या मुलांचा वर्ग पाळकसाहेब घेत नाहीत, एखादा मुरलेला नवरा घेतो. मात्र त्याआधी दर वर्षी पाळकसाहेब त्याच्या बायकोला एकटीला गाठून विचारतात, "हा शिकवतो तसा वागतो का?" तिनं हो म्हटलं तरच वर्ग मिळतो. मला तो सलग सोळा वर्षं मिळाला. धंद्यानं मी प्लंबर, तोंडानं फटकळ, पण त्या वर्गात माझी गाडी सुसाट सुटायची. "ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला, तुम्ही बायकोसाठी द्याल का?" असं विचारलं की नवरदेवांचे चेहरे खर्रकन उतरायचे. मला भारी मजा वाटायची.

यंदा पाळकसाहेब माझ्या बायकोला विचारायला इस्पितळात गेले. तिच्या तिसऱ्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. बाहेर आले ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिस्त्री, यंदा दुसऱ्या कुणाला तरी बसवू."

माझं टाळकंच सटकलं. दोन वर्षं मी काय कमी वणवण केली होती? मोठ्यातला मोठा डॉक्टर गाठला, स्वतःच्या जेवणाखाण्याची शुद्ध राहिली नाही. तसाच आत गेलो आणि सलाइन लावलेल्या बाईवर ओरडलो, "माझं नाक कापलंस!"

ती भांडली नाही. "सोळा वर्षं तुमची अब्रू राखली," ती म्हणाली. "आता खोटं बोलवेना."

"अगं, मी तुझ्यासाठी जीव द्यायला तयार आहे!"

"अहो, जीव मागितलाय कुणी? पहिल्या ऑपरेशनला मला विचारलंत? दुसऱ्याला? मी नको म्हणत होते आणि तुम्ही डॉक्टरांशी बोलत होतात. मी काय गळका नळ आहे?"

मी स्टुलावर बसलो. नको म्हणाली होती, खरंच, दोन्ही वेळा. "घाबरतेस कशाला?" म्हणत मीच तिच्या हातात पेन देऊन सही करून घेतली होती. मला स्वतःची लाज वाटली.

"मग आता तू सांग," मी म्हणालो. "काय करू?"

"घरी न्या. आणि धावपळ थांबवून जवळ बसा."

"ऑपरेशन केलं तर वर्षभर तरी मिळेल तुला."

"तुम्हाला मिळेल," ती म्हणाली.

तिला घरी आणलं. हातात पान्हा नाही, दुरुस्त करायला काही नाही, नुसतं बसायचं. माझ्यासारख्याला ती शिक्षाच होती. बाराव्या दिवशी तिचं कण्हणं ऐकवेना, तेव्हा मी ऑपरेशनची तारीख पुन्हा ठरवायला फोन उचलला. ती नुसती बघत राहिली. मी नंबर न लावताच फोन खाली ठेवला आणि लहान मुलासारखा रडलो. तिनं माझा हात धरून ठेवला.

मग मी प्रत्येक गोष्ट विचारायला लागलो. उशी वर करू? पाणी देऊ? दिवा मालवू? "पुरे हो," ती एकदा हसली, "परीक्षा आहे का माझी?"

विसाव्या दिवशी उजाडल्यावर मी खाटेपाशी जाऊन विचारलं, "पडदा उघडू का गं?"

ती बोलली नाही. झोप लागली असेल म्हणून मी पुन्हा हळू आवाजात विचारलं. मग तिचा हात हातात घेतला, तो गार लागला. तरी मी पडदा तसाच ठेवून ती काहीतरी म्हणेल म्हणून किती तरी वेळ थांबून राहिलो.