तीन महिन्यांची जागा

पौषात माझी पत्नी गेली आणि फाल्गुन लागता लागता मी श्योपूरच्या सरकारी दवाखान्याची नोकरी सोडली. आमचं राहायचं घर दवाखान्याला लागूनच होतं. तिथे मला राहवेना, एवढंच कारण. शहरात, लष्कर नावाच्या पेठेत गोरखीजवळ माझा मामेभाऊ रमाकांत राहत असे, त्याच्याकडे उतरलो.

पुढे काय करणार, असं त्याने विचारलं. कुणी डॉक्टर रजेवर जात असेल तर त्याच्या जागी काम करीन, पण कायमची नोकरी नको, असं मी सांगितलं. कायमची म्हटली की घर घ्यायचं, भांडी लावायची. ते कुणासाठी करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

"लोक कायम व्हावं म्हणून साहेबांच्या दारात चपला झिजवतात," रमाकांत म्हणाला, "आणि तू कायमची सोडून टेंपरवारी शोधत फिरतोस. माधव, तुझी तऱ्हाच न्यारी."

इस्पितळात विचारलं, रजेची जागा नव्हती. हजीऱ्यातल्या एका औषधवाल्याला दुकानात बसायला डॉक्टर हवा होता, पण त्याला वर्षाचा करार पाहिजे होता. रमाकांतच्या दोन खोल्यांत त्याची सहा माणसं, सातवा मी. त्याची बायको काही बोलत नसे, पण रात्री माझं अंथरूण पसरायला जागा करताना तिला रोज ट्रंका हलवाव्या लागत. काम लवकर मिळायला हवं होतं.

मग रमाकांतनेच बातमी आणली. सरदार दौलतसिंहांच्या घरचे डॉक्टर तीन महिन्यांसाठी पुण्याला गेले होते आणि बदली डॉक्टर हवा होता. कारभाऱ्यांच्या कानावर माझं नाव आधीच गेलेलं होतं.

कारभारी सूर्याजी म्हणजे पिकल्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. मी आग्र्याच्या मेडिकल शाळेचं सर्टिफिकेट पुढे केलं. ते त्यांनी उघडलंही नाही. "बाई केव्हा येतील?" त्यांनी विचारलं.

त्या घरातल्या बायकांना पुरुष डॉक्टर तपासत नसे. डॉक्टर चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्याबाहेर बसायचा. त्याची बायको आत जायची, बघायची आणि बाहेर येऊन सांगायची. गेलेल्या डॉक्टरांचं असंच चालत असे. श्योपूरकडच्या जहागीरदारांच्या घरी आम्हीही असंच काम केलं होतं आणि त्याची कीर्ती सूर्याजींपर्यंत पोचली होती. माझं नाव त्यांच्या कानावर गेलं ते माझ्या पत्नीमुळे.

"ती पौषात वारली," मी सांगितलं.

सूर्याजींनी सर्टिफिकेट माझ्या हातात परत दिलं. वाईट झालं म्हणाले. एखादी बहीण, भावजय असेल तर घेऊन या, जागा तुमचीच, असंही म्हणाले. तसं कुणी नव्हतं. मी उठून देवडीत आलो आणि जोडे घालू लागलो.

तेवढ्यात एक दासी मला बोलवायला आली. आत्यासाहेबांनी थांबायला सांगितलं होतं. आत्यासाहेब म्हणजे मंदाताई, सरदारांची विधवा बहीण. घरातलं सगळं त्याच बघत. मला चिकासमोर बसवलं. सूर्याजीही येऊन उभे राहिले.

मंदाताई आतून बोलल्या. सूनबाई राजलक्ष्मी पहिलटकरीण, आठवा महिना चालू. पायांवर सूज चढत होती, आणि जुने डॉक्टर तर गेलेले. सूर्याजी म्हणाले, यांच्याबरोबर बाई नाहीत.

"ऐकलंय मी ते," मंदाताई म्हणाल्या. "मी बघते. काय बघायचं ते सांगा, डॉक्टरसाहेब."

नडगीवर अंगठा दाबून धरा आणि उचला, असं मी सांगितलं. खड्डा राहतो का?

"राहतो. कणकेत बोट रुतवल्यासारखा."

माझी पत्नी नेमकं असंच म्हणत असे.

मग मी लघवी मागवली आणि ओसरीवर स्पिरिटच्या दिव्यावर नळीत तापवली. फाटलेल्या दुधासारखी झाली. ते लक्षण चांगलं नव्हतं. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, असं मी विचारायला सांगितलं. आतून बारीक आवाज आला, "नाही, आत्यासाहेब. बरं आहे मला."

खरोखर बरं असेल तर घरीच निजवून, मीठ तोडून, दुधावर ठेवून भागलं असतं. पण डोळ्यांवर परिणाम झाला असेल तर कोणत्याही क्षणी झटके येऊन आई आणि मूल दोघं गेली असती. मग तिला त्याच दिवशी इस्पितळात न्यायला हवं होतं. सगळं त्या एका उत्तरावर होतं, आणि उत्तर देत होती सून, आत्येसासूला.

माझी पत्नी नव्या सुनांना कधी काही विचारत नसे. पदराला टोचलेली सुई काढून त्यांच्या हातात द्यायची आणि दोरा ओवून मागायची. हा दवाखाना आहे की शिंप्याचं दुकान, म्हणून मी हसायचो. "सासूसमोर सून कधी आजारी असते का?" ती म्हणायची.

"आत्यासाहेब, सुईदोरा आहे जवळ?" मी विचारलं. सूर्याजी माझ्याकडे बघायला लागले. "त्यांना आता काही विचारू नका. तुम्हाला दिसत नाही म्हणा आणि दोरा ओवून मागा."

आत डबा उघडल्याचा आवाज झाला. मंदाताई म्हणाल्या, "सूनबाई, एवढा दोरा घालून दे ग. मला मेलं दिसत नाही."

मग बराच वेळ नुसत्या बांगड्या वाजत राहिल्या.

"अगं, सुई इकडं आहे," मंदाताई हळूच म्हणाल्या.

त्यावर ती मुलगी रडायला लागली. कालपासून सगळं पुसट दिसत होतं, डोकं फुटायला आलं होतं. होळीचं काम निघालेलं, अशात पडून कसं राहायचं, म्हणून बोलली नव्हती.

जनाना इस्पितळात न्या, आत्ताच, असं मी सांगितलं. सूर्याजी म्हणाले, या घरची बाई बाळंतपणाला इस्पितळात गेलेली नाही आणि सरदारसाहेब शिकारीला गेलेत, ते आल्यावर त्यांच्याशी बोलून इंतजाम करू.

"बग्गी जुंपा," मंदाताई म्हणाल्या. "दादासाहेबांना काय सांगायचं ते मी सांगेन."

बग्गीला पडदे बांधले. मी कोचवानाशेजारी बसलो. झटका आला तो संध्याकाळी, इस्पितळातल्या खाटेवर, डॉक्टरीणबाई उशाशी असताना. एकच आला. नंतर त्यांनी कळा आणवून बाळंतपण केलं. मुलगी झाली, मुठीएवढी. दोघी जगल्या.

त्या आठवड्यात सूर्याजी रमाकांतकडे आले. बाईशिवाय डॉक्टर चालणार नाही असं आपणच म्हणालो होतो, हे त्यांनी स्वतःच काढलं. "आत्यासाहेब म्हणतात, आत त्या जातील. तुमच्या बाई काय करायच्या ते तुम्ही सांगायचं. चालेल?"

जे टाळायला मी श्योपूर सोडलं होतं, तेच हे रोज करायचं होतं. मी चालेल म्हटलं.

तीन महिने मी चिकाबाहेर बसलो. दासीचा ताप असो की मोलकरणीच्या लेकीचा खोकला, मंदाताई आधी विचारायच्या, तुमच्या बाई हे कसं बघायच्या? मी आठवून सांगायचो. काही गोष्टी मलाही माहीत नव्हत्या. ती आत काय करते हे मी कधी विचारलंच नव्हतं. मग मंदाताई स्वतःच्या मनाने काहीतरी करायच्या आणि बहुतेक वेळा ते जमायचं.

एकदा त्यांनी नाव विचारलं. आमच्यात बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत. मी घेतलं होतं ते लग्नाच्या पंगतीत, लोकांनी आग्रह केला म्हणून.

"शरयू," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आतून प्रश्न आला, "शरयूबाई हे कसं बघायच्या?" पुढे घरातले सगळेच तिला नावाने ओळखू लागले. राजलक्ष्मी तर लेकीला मांडीवर घेऊन चिकाजवळ बसायची आणि शरयूबाईंनी अमुक केलं असतं का, असं मंदाताईंकरवी विचारायची.

जुने डॉक्टर ज्येष्ठात परत आले. निरोप घेताना सूर्याजींनी विचारलं, आता कुणाच्या बदलीवर?

आता कायमची जागा बघतो, असं मी म्हटलं. हे ऐकून रमाकांतला बरं वाटलं. त्याच्या बायकोला जरा जास्तच.