अक्काच्या कातडीचं ठिगळ

माझ्या डाव्या दंडावर अक्काच्या कातडीचं ठिगळ होतं आणि अक्काच्या दंडावर माझ्या. पावलीएवढं. डॉक्टर पद्माकर त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव सांगायचे, पण मी ब्लाउज शिवणारी बाई, मला ते ठिगळच. टाके बरे घातले होते. मी जरा बारीक घातले असते, पण मला कुणी विचारलं नाही.

अक्का म्हणजे माझी बहीण सत्यवती. आम्ही जुळ्या. ती माझ्याआधी तासभर जन्मली आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर मला 'अक्का' म्हणायला लावलं तिनं. चिक्कपेटेत अख्खा बाजार आमच्यात फसायचा. तिनं उधार आणलेल्या बांगड्यांचे पैसे कासार माझ्याकडं मागायचा आणि मी त्याच्याशी भांडायचे. भांडण सुरू झालं की मगच लोकांना कळायचं, ही क्षमा. अक्का कधी भांडायची नाही.

सदुसष्ट साली उगादीचा पाडवा झाला आणि अक्काचं तोंड सुजायला लागलं. मग पाय सुजले. अन्नाचा वास आला तरी उलटी, अंगाला सारखी खाज, चार पायऱ्या चढल्या की धाप. हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्या.

"गेल्या म्हणजे? अशा कशा जातील?" मी त्यांच्यावरच डाफरले. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान रघुपती, खाली मान घालून उभे. गरीब माणूस. त्यांच्या वाटणीचं भांडण पहिल्यापासून माझ्याकडंच.

डॉक्टर पद्माकर विलायतेत शिकून आले होते. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही जुळ्या आहात म्हणून बोलतोय, नाहीतर तोंड उघडलं नसतं. तुमची एक किडनी काढून यांना बसवता येईल. तिकडं असं ऑपरेशन मी हाताखाली राहून केलंय. दुसऱ्या कुणाची किडनी यांचं अंग ठेवून घेणार नाही."

"काढा की मग," मी म्हणाले. "आत्ता काढा."

"स्वल्प थांबा," ते म्हणाले. हसले नाहीत. सारखं दिसण्यानं भागत नाही म्हणे. काही जुळी नुसती तोंडानं सारखी असतात, आतून वेगळी. जन्माच्या वेळी वार एक पडली होती का दोन, असं त्यांनी विचारलं. आता हे कोण सांगणार? आई गेली, सुईण तर तिच्याही आधी गेली. म्हणून मग हे ठिगळ. अंगाला परकं कातडं कळतं, दोन-तीन आठवड्यांत ते काळं पडून गळतं. एकमेकींचं धरलं तर किडनीही धरेल. धरलं की नाही ते कसं कळतं, तेही दाखवलं त्यांनी. बोटानं दाबलं की पांढरं पडायला हवं आणि बोट काढल्यावर पुन्हा लाल. लाल झालं म्हणजे आत रक्त फिरतंय.

"आणि ऑपरेशनात काय काय होईल?" अक्कानं विचारलं. अंथरुणाला खिळलेली, पण सगळं नीट कळायला हवं तिला.

डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं. माझ्या कुशीत, शेवटच्या बरगडीखाली मोठा छेद. अक्काची नवी किडनी मात्र जुन्यांच्या जागी नाही, पुढं, ओटीपोटात एका बाजूला. खिशात ठेवल्यासारखी. दुखणं तिच्यापेक्षा मलाच जास्त. "खोकताना जीव जाईल, हसताना रडू येईल," ते मला म्हणाले. पंधरा दिवस हॉस्पिटल, पुढं तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. उरलेली किडनी दोघींचं काम एकटी करते, एका किडनीवर माणूस म्हातारं होतं. आणि अक्काचं म्हणाल तर नळी लावलेली असेल. त्या नळीतून लघवी आली की जिंकलो. कधी टेबलावरच येते, कधी चार दिवस वाट बघायला लावते.

"आणि आलीच नाही तर?" दाजींनी विचारलं. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

मग अक्का म्हणाली, "टेबलावर दोघींना काही होऊ शकतं का?"

"होऊ शकतं," ते म्हणाले. "खोटं सांगत नाही. इथं मी हे पहिल्यांदाच करणार."

अक्कानं मान हलवली. "सरी, ठीक आहे," एवढंच म्हणाली.

ठिगळं लावून पट्ट्या बांधल्या आणि मी यशवंतपूरला आमच्या रेल्वेच्या क्वार्टरात परत आले. पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मशीनला हात लावला नाही. दसऱ्याचे ब्लाउज तसेच पडले, गिऱ्हाइकं ओरडून गेली. आंघोळ करताना हात मोरीच्या बाहेर, झोपताना कूस बदलायची नाही. बसमध्ये कुणाचा धक्का लागला की मी अशी अंगावर जायचे की लोक जागा सोडून उठायचे. आमचे हे म्हणाले, "अगं, हात आहे का काचेचं भांडं?" त्यांच्याशीही दिवसभर अबोला धरला. उठल्या उठल्या पहिलं काम म्हणजे पट्टी नाकाशी नेऊन हुंगायची, सडल्याचा वास येतोय का म्हणून. मधे एकदा डॉक्टरांनी दोघींच्या पट्ट्या सोडून बघितलं. दोन्ही ठिगळं लालसर, पण इतक्यात काही सांगता येत नाही म्हणाले आणि पुन्हा बांधून टाकलं. आता मीच सोडेन, तुम्ही हात लावायचा नाही, असा दमही भरला.

तिकडं अक्का उतरत चालली होती. तिच्या पोटात नळी घालून पाणी सोडायचे आणि विष धुऊन बाहेर काढायचे. दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा सूज, पुन्हा उलट्या. हे फार दिवस चालणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी देवाला शिव्या घातल्या. नवस बोलायचं सुचलंच नाही.

एका सकाळी हॉस्पिटलात गेले तर दाजी पायरीवर बसलेले. मला बघून उठलेसुद्धा नाहीत.

"गेलं गं," ते म्हणाले. "काळं पडून गळालं म्हणते. पट्टीवर रक्त दिसलं म्हणून नर्सनं सोडली तर आत नुसती जखम."

"डॉक्टर कुठं आहेत?"

"म्हैसूरला गेलेत. संध्याकाळी येतील."

मी आत पळाले. अक्का उशीला टेकून बसली होती. चेहरा इतका सुजलेला की डोळे बारीक झालेले, पण शांत. दूध नासलं तरी डोळ्यांतून पाणी काढणारी ही बाई शांत बसलेली!

"आपलं नाही जमत गं," ती म्हणाली. "राहू दे आता. ऐक, पोरांना तू ने. थोरली समजूतदार आहे. मधल्याला वांगं देऊ नकोस, अंगावर उठतं त्याच्या. धाकट्याला झोपताना पाठीवर हात लागतो."

"गप्प बस," मी म्हणाले आणि बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसले.

राग कुणावर काढू तेच कळेना. तीस वर्षं लोक म्हणाले, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. आणि नेमकं कामाला यायच्या वेळी हे अंग परकं निघावं? जळ्ळं मेलं ते रूप! मी पट्टीची गाठ दातांनी सोडली. डॉक्टरांचा दम गेला चुलीत. आता जपायचं काय राहिलं होतं? ते काळं पडलेलं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं मला.

शेवटचा वेढा निघाला. ठिगळ जागच्या जागी होतं. काळं नाही, निळं नाही. कडेनं टाक्यांचे व्रण आणि मधे माझ्याच दंडासारखी कातडी, जराशी गुलाबी. मी बोटानं दाबलं. पांढरं पडलं. बोट काढलं. लाल झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. बाजूच्या म्हातारीला वाटलं असेल, बाई वेडी झाली.

तिचं कातडं माझ्या अंगानं ठेवून घेतलंय. मग माझं तिच्या अंगानं का टाकलं?

मी ताडकन उठले. अय्यो, अक्का!

तशीच लोंबकळती पट्टी घेऊन आत गेले. "ठिगळ कसं गळालं तुझं?"

"सांगितलं ना. काळं पडलं."

मी दंड तिच्या नाकापुढं धरला. दाबून दाखवलं. ती बघत राहिली आणि मग तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"नखं दाखव," मी म्हणाले.

"ओरडू नकोस, माणसं आजारी आहेत."

"ओरडणार! सत्यवती नाव ठेवलंय आप्पांनी! जन्मात एकदा खोटं बोललीस, तेही धड जमलं नाही तुला!"

ती भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी गेले तर पोरांना तू आहेस. माझ्याच तोंडाची आहेस. धाकटा तर चार महिन्यांत विसरूनही जाईल. टेबलावर दोघी गेलो, तर कुणाच्या तोंडाकडं बघतील ती?"

मी तिच्या खाटेवर बसले आणि रडायला लागले, सगळ्या वॉर्डासमोर.

"अक्का, बाजार फसतो, कासार फसतो. तुझा धाकटा एकदा तरी फसलाय का गं? लांबून येताना दिसले तरी 'मावशी' म्हणतो. चुकूनसुद्धा कधी 'आई' म्हणाला नाही मला. माझं तोंड घेऊन काय करतील ती? आणि माझं काय? तुला तीन पोरं आहेत, मला कोण आहे? मला तूच आहेस ना, मेले!"

तिचा चेहरा आता हलला. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी तिचा हात हातात घेतला. नखांच्या कडेला अजून सुकलेलं रक्त होतं.

"फार दुखलं का?" मी विचारलं.

"सुटतच नव्हतं मेलं," ती हुंदका देत म्हणाली. "इतकं घट्ट धरलं होतं."

संध्याकाळी डॉक्टर आले. आधी मला पट्टी सोडल्याबद्दल झापलं. मी खालमानेनं ऐकून घेतलं, दाजींना खरंच वाटेना. मग डॉक्टरांनी भिंगातून माझा दंड बघितला, अक्काच्या जखमेची फाटकी कड बघितली. परक्या कातडीवर निरोगी अंग जास्त चिडतं, ते म्हणाले, आणि तुमचं अंग चिडलेलं नाही, म्हणजे किडनी धरेल. "अंगापुरतंच म्हणतोय मी," असंही वर म्हणाले. अक्कानं सही केली. तिच्या खाली मी केली.

ऑपरेशनच्या सकाळी आम्हाला शेजारी-शेजारी ढकलत नेलं. मला भीती वाटत होती. चांगलीच. अक्कानं हात लांब करून माझ्या दंडावरचं ठिगळ दाबलं आणि रंग परत येईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिली. मग दारं वेगळी झाली.

जाग आली तेव्हा कुशीत निखारे भरल्यासारखं दुखत होतं. तोंडाला कोरड. पलीकडं पांढरा पडदा आणि पडद्यामागं काही हालचाल नाही. कुणी काही सांगेना. नर्स आली, नाडी बघून गेली, तिच्या तोंडावरूनही काही कळेना. माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. नळी कोरडी आहे म्हणून बोलत नाहीत. का अक्काच नाही पलीकडं? हाक मारायला श्वास घेतला तर बरगडीखालून अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

तेवढ्यात पडद्यामागून बारीक आवाज आला. "क्षमा? फार दुखतंय का गं?"

"माझं राहू दे," मी कशीबशी म्हणाले. "तू आधी मूत."

"बाई गं, कधीची मुततेय," अक्का म्हणाली. "नर्सनं दोनदा बाटली बदलली."

हसताना रडू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. ते अगदी खरं होतं.