पिंपाला लावलेला कान

तोकुहेई अमेमियाने पिंपाला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याची सून कियो हात पुसत शेजारी थांबली होती. द्राक्षाचा रस पिंपात फसफसू लागला की रोज सकाळी म्हाताऱ्याने कान लावायचा आणि दारू कुठवर आली ते सांगायचं, ही या घरची पद्धत. या कामात अख्ख्या कात्सुनुमात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं तोही म्हणायचा आणि गावही.

"आज आवाज जरा बसलाय, नाही का, बाबा?" कियो त्याच्या उजव्या कानाशी मोठ्याने म्हणाली.

"तेच सांगणार होतो. परवा गाळायला घेऊ."

म्हाताऱ्याला ऐकू येईनासं होऊन काही वर्षं झाली होती. कियो पहाटे उठून आधी स्वतः कान लावून यायची आणि मग हे असं विचारायची. गावकीत सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्या तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती. मागच्या वर्षी देवळाची घंटासुद्धा युद्धासाठी वितळवायला गेली, तेव्हापासून तर त्याची चांगलीच सोय झाली होती. ऐकू आलं नाही की म्हणायचा, आता या गावात ऐकण्यासारखं उरलंय काय!

त्याच वेळी नौदलाचा माणूस दारात आला. हिराबायाशी नाव, अंगाने किरकोळ, पाठीवर लाकडी पेटी. स्टेशनपासून द्राक्षांच्या मांडवांखालून वाकून वाकून चालत आल्यामुळे त्याच्या टोपीत वाळकी पानं अडकली होती. त्याने नमस्कार केला, पण नजर थेट कोठाराच्या टोकाला, सगळ्यात मागच्या पिंपावर गेली.

तो कशाला आलाय हे दोघांनाही कळलं. दारू मुरता मुरता पिंपाच्या आतल्या अंगावर खड्यांचा थर धरतो. तो थर नौदलाला हवा होता. घरोघरी पिंपं खरवडून खडे पोत्यांत भरून पाठवले जात होते. कशासाठी, ते कोणी सांगत नव्हतं. कोणी म्हणे औषधाला, कोणी म्हणे स्फोटकांना. तोकुहेईनेही आपली सगळी पिंपं खरवडून दिली होती, हे एक सोडून. त्यात त्याच्या मुलाच्या, शुन्साकूच्या, जन्माच्या वर्षीची दारू होती. शुन्साकू नौदलात होता. तो युद्धावरून परत आला की हे पिंप उघडायचं, असं घरात ठरलं होतं.

"ते एक सोडून बोला, साहेब," तोकुहेई म्हणाला.

"त्याला आजवर हात लागलेला नाही म्हणतात. खडेही तसेच असणार, जुने आणि स्वच्छ," कियोच्या खुणेवरून हिराबायाशी त्याच्या उजव्या कानाशी मोठ्याने म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"गाव म्हणतं, आजोबा."

"गावाला माझ्या पिंपांची माझ्यापेक्षा जास्त काळजी."

हिराबायाशीने हुकूम दाखवला असता तरी चाललं असतं. त्याने तो खिशातच ठेवला आणि पेटी उघडली. आतून अंगठ्याएवढा एक तुकडा काढला, खडीसाखरेसारखा नितळ. त्याच्या दोन्ही अंगांना बारीक तारा होत्या.

"तुमच्याच खड्यांतून हा स्फटिक वाढवतात," तो म्हणाला. "एरवी सांगायची परवानगी नाही. याने पाण्याखालचं ऐकतात."

त्याने तो तुकडा फसफसणाऱ्या पिंपाला पट्ट्याने आवळून बांधला, कानाला लावायच्या दोन वाट्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर चढवल्या आणि पेटीवरची कळ फिरवली.

तोकुहेई दचकून एक पाऊल मागे सरला. मग तारेच्या ओढीने पुन्हा पुढे आला. आधी तांदूळ धुतल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. नंतर त्यातून एकेक बुडबुडा वेगळा होऊ लागला. तो तळाशी सुटत होता, इतरांना धक्का देत वर येत होता आणि फुटत होता. असे हजारो, लाखो. त्याला भीती वाटली. ज्याच्यावर आजवर पोट भरलं ते आतून इतकं जिवंत आहे, हे त्याने तरुणपणीही कधी असं ऐकलं नव्हतं. त्याचे हात आपोआप जोडले गेले. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं, तेही त्याने पुसलं नाही.

"कियो," बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "परवा कुठलं? हा अजून ऐन जोरात आहे."

कियोने खाली पाहिलं. "असेल, बाबा."

"आवाज बसलाय म्हणे!" असं पुटपुटून त्याने तिच्याकडे असं काही पाहिलं की तिला हसूही आलं आणि लाजही वाटली. रोज पहाटे तीच कान लावून जाते, हे म्हाताऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मग वाट्या काढून हातात धरत त्याने विचारलं, "शुन्साकू हेच करतो का?"

मागच्या रजेत शुन्साकू म्हणाला होता की, माझं काम ऐकायचं आहे. तेव्हा तोकुहेई खो खो हसला होता. जन्मात बापाचं ऐकलं नाहीस, आणि सरकार तुला ऐकायचा पगार देतं? शुन्साकूही हसला होता.

"जहाजावर ऐकायचं काम असेल, तर हेच," हिराबायाशी म्हणाला.

"काय ऐकू येतं तिथे?"

"झिंगे फार कटकट करतात. कधी देवमासा. आणि पाणबुडीचा पंखा. तो वेळेत ऐकू आला तर जहाज वाचतं."

"आणि वेळेत नाही आला तर? जहाज बुडतं तेव्हा?"

तारा गुंडाळता गुंडाळता हिराबायाशीची बोटं थांबली. "तेव्हाही ऐकू येतं," तो म्हणाला.

कोपऱ्यातला लाकडी हातोडा उचलून तोकुहेई मागच्या पिंपाकडे चालू लागला. कियो धावत जाऊन आडवी उभी राहिली.

"ते आल्यावर उघडायचं ठरलंय, बाबा. आधीच उघडलं तर…"

"तर काय?"

तिने पाठ पिंपाला टेकवली.

"खडा चांगला असला तर त्याला नीट ऐकू येईल," तोकुहेई म्हणाला. "नीट ऐकू आलं तर तो येईल. सरक."

पिंप रिकामं करायला दुपार झाली. चहाच्या कपांतून तिघांनी एकेक घोट घेतला. दारूला जुन्या लाकडाचा आणि मनुकांचा वास होता. "आंबलीय," तोकुहेई म्हणाला आणि कप चाटून पुसून ठेवला.

पिंपाच्या पोटाशी छोटी झडप होती. तिच्यातून आत जाईल एवढी बारीक फक्त कियोच होती. कंदील आणि छिन्नी घेऊन ती आत शिरली. म्हाताऱ्याने हिराबायाशीला तो स्फटिक बाहेरून बांधायला लावला.

"माझ्या बापाने घडवलेलं पिंप आहे. फळी दुखावली तर मला कळायला हवं."

वाट्या कानाला लावून तो पाटावर बसला. छिन्नीचा प्रत्येक ठोका स्पष्ट ऐकू येत होता, सुटलेले खडे तळावर सांडत होते, कियोचा श्वाससुद्धा कळत होता. तो मान डोलावत राहिला. सुनेचा हात चांगला होता.

मग छिन्नी थांबली.

पुढचा आवाज त्याला आधी लाकडाचा वाटला. कियो रडत होती. नवरा युद्धावर गेल्यापासून ती या घरात कधी रडली नव्हती, निदान तो तसं समजून होता. ती हळूहळू, मोकळेपणाने रडत होती आणि मध्येच शुन्साकूचं नाव घेत होती. ऐकणारं कोणीच नाही, अशा ठिकाणी रडायची तिला चांगलीच सवय दिसत होती. आपल्या पाठीमागे, भाताच्या चुलीशी, याच कोठारात, अगदी आपल्या शेजारी उभी राहून ती कितीदा अशी रडली असेल, हे तोकुहेईच्या लक्षात आलं.

त्याचा चेहरा पाहून हिराबायाशीने कळ बंद करायला हात पुढे केला. तोकुहेईने त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

थोड्या वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला. छिन्नी पुन्हा चालू झाली. मग कियो नेहमीसारखी, बहिऱ्याशी बोलावं तशी, आतून ओरडली, "बाबा, झालंच हं! तुम्ही काही म्हणालात का?"

तो आवाज त्याच्या दोन्ही कानांत फुटला. त्याने वाट्या काढल्या नाहीत.

"काय?" तो ओरडला. "मोठ्याने बोल, पोरी. मला ऐकू येत नाही, माहीत आहे ना तुला?"